आठ आठवड्यांची भाकरी

चांगोनं उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. हळदीच्या मांडवात बाकीचे ग्लास घेऊन बसले की हा पठ्ठ्या जिलब्यांचं ताट घेऊन बसे. आणि लिव्हरचा कॅन्सर झाला तो नेमका यालाच. दहिवली गावानं लगेच ठरवून टाकलं, लपूनछपून पीत असणार. गौराबाईला ते फार लागलं. तिनं नवऱ्याला पोटभर खाऊ घातलं होतं, एवढंच. दहा वर्षांपूर्वी तपासणीत साखर निघाली, लिव्हरवर चरबी निघाली, तेव्हा "खात्यापित्या घरचा माणूस हाय, चरबी नाय तर काय निघंल?" म्हणून ती हसली होती. त्या हसण्याची तिला आता लाज वाटे.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, गाठ अजून लहान आहे, पण लिव्हर पार आकसलंय. कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर माणूस वाचेल. मुलगा ओमकार पुढं झाला. रक्तगट जुळला, पण चरबी त्याच्याही लिव्हरवर निघाली; तसलं लिव्हर देता येत नव्हतं.

"आठ आठवडे कडक पथ्य पाळ, मग पुन्हा बघू," डॉक्टरांनी सांगितलं. "तोवर वडिलांची गाठ औषधानं दाबून धरतो."

देणाऱ्यालाही थोडा धोका असतो, हेही ते म्हणाले. गौराबाईच्या कानात तेवढंच राहिलं.

ओमकारनं वडापाव सोडला, कोल्ड्रिंक सोडलं. रोज सकाळी शेजारच्या भिसेगावापर्यंत चालत जाऊन येऊ लागला. ताटात दोन भाकऱ्या, उकडलेली भाजी आणि ताक. भाकऱ्या आई थापायची. तांदळाच्या पिठाची उकड काढताना ती पाण्यात भरपूर तूप सोडायची, आणि ताक म्हणून सायीचं दही साखर घालून घुसळायची.

"आये, भाकरी लय मऊ लागते गं."

"नवा तांदूळ हाय. खा गुमान."

एक तर हातचा चाललाच आहे, दुसराही कापायला झोपवू? चुलीशी बसून ती हेच पुटपुटायची. नवऱ्याच्या नजरेला मात्र नजर देत नव्हती. आपण पाप करतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आठ आठवड्यांनी चरबी होती तेवढीच निघाली. चांगोची गाठ मात्र औषधाला न जुमानता शिरेत शिरली होती. आता कुणाचंही लिव्हर चालणार नव्हतं. "मीच कमी पडलो," म्हणत ओमकार दवाखान्यातच ढसाढसा रडला. गौराबाईनं त्याला जवळ ओढून घेतलं.

घरी आल्यावर तो औषधं आणायला गेला. ओटीवर टेकलेल्या चांगोचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"गौरे, तुपाचा डबा लवकर संपला या खेपेला."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुमाला ठावं होतं?"

"त्याच पिठाची भाकरी मी बी खात होतो गं."

"मंग बोललात का नाय?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस. पोराला कापावं, असं मला तरी कुठं वाटत होतं?" त्याला धाप लागली. "पर त्याला सांग. नायतर माझ्यामुळं बाप मेला, असं उरात घेऊन जगंल तो."

गौराबाई पदरात तोंड खुपसून रडली. मग उठली आणि बिनतुपाची भाकरी थापली.

ओमकार आल्या आल्या जेवायला बसला. "आये, मी अजून महिनाभर पथ्य करतो. डॉक्टरांना परत इचारू." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "आज कडक झाली गं."

गौराबाई त्याच्यासमोर खाली बसली.

"ओमकार," ती म्हणाली, "नवा तांदूळ घरात आलाच नव्हता रं."