काढून ठेवलेले बूट

भिंगरी चालायला लागली त्याच आठवड्यात आजोबांनी तिला लाल बूट आणले. पाऊल टेकलं की टाचेतली पिपाणी वाजायची, चूं. दुसरं टेकलं की पुन्हा चूं. मागे घर आणि पुढे लाँड्री, दोन्हीकडे चादरींचे गठ्ठे, आणि त्या गठ्ठ्यांच्या गल्लीबोळांतून ती लाल चूंचूं दिवसभर हिंडत राहायची. समोरच्या टेलरने पहिल्याच दिवशी चौकशी केली, की लाँड्रीत उंदीर झालेत का. आजोबा म्हणाले, झालाय एक, पण कापड कुरतडायला तो तुझ्याच दुकानात येणार आहे, दार लावून बस.

आजोबांचा मुलगा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर. महिन्यातून दोनदा घरी यायचा, झोपायचा, लेकीला खांद्यावर घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचा आणि पुन्हा निघायचा. लाँड्री चालायची ती आजोबा आणि सून या दोघांवर. सून कपडे मोजून घ्यायची, घड्या घालायची, हातगाडीवरून हॉटेलात चादरी पोचवायची. धुणं आणि इस्त्री आजोबांची. आणि भिंगरी दोघांची, म्हणजे जो जवळ असेल त्याची.

आजोबांना आपल्या कानांचा मोठा अभिमान. यंत्रात कपडे एका बाजूला गोळा झाले, तर ते इस्त्रीवरून मान न वळवता ओळखायचे. खिशात राहिलेलं बटण ड्रममध्ये खडखडलं, की ते शर्टाचं का कोटाचं हेही सांगायचे. टेलर म्हणायचा, तुम्हाला डोळे देवाने उगीच दिले, चेहरा भरायला. आजोबा खूश व्हायचे. लाल बुटांवर त्यांनी एक ओवीसुद्धा जुळवली होती, वाफेच्या फुसफुशीत ती गुणगुणत ते कॉलरी दाबायचे:

बाई चालते चालते, तिची पावलं बोलती,
माझ्या कानाच्या फांदीला, तिची पाखरं डोलती.

ओवी ऐकली की भिंगरी जिथे असेल तिथे पाय आपटायची, चूंचूंचूं. आजोबांना तेवढं पुरे व्हायचं. नात कुठे आहे हे बघायला त्यांना वळावं लागत नसे. आवाज काउंटरपाशी आला, म्हणजे ती पावतीच्या कागदांशी खेळतेय. आवाज घुमला, म्हणजे पलंगाखाली. आवाज थांबला, म्हणजे चादरींच्या ढिगावर निजली.

सून मात्र कानांवर विसंबणारी नव्हती. इस्त्रीचं टेबल आणि घर यांच्या मधोमध धुण्याची खोली होती, तिला दार नव्हतं, आणि भिंतीलगत भिजवणीचा हौद होता. हौद कसला, मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढं सिमेंटचं खोकं. पण भिंगरी त्याच्या काठावर हनुवटी टेकवून आत बघायची, आणि ते दिसलं की सून हातातली घडी टाकून तिला उचलायला धावायची. हौद कधी रिकामा नसे. शेवटच्या खळबळणीचं पाणी आजोबा सोडून देत नसत. दुसऱ्या दिवशीची पहिली भिजवण त्यातच व्हायची. स्वच्छ पाणी मोरीत घालवणं हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या वडिलांच्याही नव्हतं.

सुनेने सुताराकडून अर्धं दार करून आणलं. ते आलं, भिंतीला टेकून उभं राहिलं, आणि उभंच राहिलं. बिजागऱ्या कागदाच्या पुडीत, पुडी खिडकीत. ती आठवण करून द्यायची, आजोबा म्हणायचे उद्या. चौकट खोदायची म्हणजे सकाळभर काम बंद, आणि हॉटेलच्या चादरी काही सकाळ बघून मळत नाहीत. शिवाय हातात ओली चादर असताना कडी कुठल्या हाताने काढायची? निदान रात्री पाणी तरी सोडून देत जा, ती म्हणाली. त्यावर त्यांनी आपल्या कानाच्या पाळीला हात लावला आणि हसले. हे दोन पहारेकरी बसलेत की.

ते बोलणं आजोबांनी कानामागे टाकलं. तीही मग रोज सांगेनाशी झाली. रोज तेच म्हणणारी सून कुणाला आवडते.

एकदा भिंगरी बुटांसकट ओल्या फरशीवर नाचली आणि पिपाण्यांत पाणी गेलं. दोन्ही बूट मुके. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. आजोबांनी बूट इस्त्रीच्या टेबलाखाली उबेला ठेवले, ते बोलते झाले, आणि मग नातीला मांडीवर घेऊन त्यांनी एक रीत शिकवली. पाण्यापाशी जायचं, तर आधी बूट काढायचे. इकडेतिकडे फेकायचे नाहीत. शेजारी शेजारी ठेवायचे, दोघं भाऊ बसल्यासारखे. ती पाय धुवायला मोरीपाशी आली, की ते वाट बघत उभे राहायचे. ती बसायची, धापा टाकत पट्टे ओढायची, बूट जोडीने मांडायची आणि वर बघायची. मग आजोबा म्हणायचे, "शहाणी गं माझी बाई." त्या एका वाक्यासाठी ती दिवसातून कितीदा तरी बूट काढायला तयार असे.

त्या दुपारी हॉटेलचा माल तातडीचा होता. सुनेने हातगाडी भरली. दारातून जाताना म्हणाली, "बाबा, ती तुमच्याकडे आहे हं." आजोबांसमोर कुणाच्या तरी समारंभाचा पांढरा सदरा होता, कॉलरीवर पाणी शिंपडलेलं. त्यांनी पाठमोरंच हूं म्हटलं. गाडीची चाकं रस्त्यावर खडखडली आणि दूर गेली.

चूंचूं काउंटरपाशी होती. मग ती त्यांच्या मागून गेली. धुण्याच्या खोलीशी जरा रेंगाळली. मग थांबली.

निजली बाई, आजोबांना वाटलं. तिची निजायची वेळच होती. यंत्र नुकतंच भिजवणीवर थांबलं होतं, रस्ता सुस्तावला होता, आणि घरात अशी शांतता होती की त्यांना बरं वाटलं. पोर जागी होऊ नये म्हणून त्यांनी गुणगुणणंसुद्धा हलकं केलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना हेच आठवायचं. आपण आवाज हलका केला. इस्त्रीही अलगद टेकवली. तिची झोप मोडू नये म्हणून.

पाणी वाजलं नाही. पडल्याचा आवाज झाला नाही, हाक आली नाही, हातपाय आपटल्याचं काही नाही. लहान मूल पाण्यात जातं ते असं, पान गळावं तसं. हे आजोबांना नंतर इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

कॉलर झाली, बाह्या राहिल्या होत्या. ओलं फडकं हवं म्हणून ते धुण्याच्या खोलीत वळले, आणि आधी त्यांना बूट दिसले. हौदापाशी, शेजारी शेजारी, टोकं भिंतीकडे करून. दोघं भाऊ बसल्यासारखे. बाहुलीचा रुमाल पाण्यावर तरंगत होता. तो धुवायला ती वाकली होती.

त्यांनी तिला पाण्यातून बाहेर काढलं. हातांना जे सुचलं ते केलं, पाय धरून उलटी केली, हलवली, हाका मारल्या. त्या हाकेने टेलर रस्ता ओलांडून आला, गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान तसंच. तो आधी कारखान्यात होता, तिथे कामगारांना प्रथमोपचार शिकवले होते. "उलटी नका धरू," तो म्हणाला, आणि पोर त्यांच्या हातांतून काढूनच घेतली. इस्त्रीच्या टेबलावर, त्या पांढऱ्या सदऱ्यावरच तिला उताणं निजवलं, हनुवटी वर केली, तिच्या इवल्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवून श्वास दिला, छाती दाबली, पुन्हा श्वास. मधेच मान वर करून आजोबांना रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं. आजोबांना फोनची बटणं दिसेनात. डोळे असून त्यांचा काही उपयोग होईना.

भिंगरी खोकली. पाणी ओकली. मग एक बारीक, चिरका आवाज आला. आजोबांच्या कानांनी जन्मात ऐकला नव्हता इतका गोड.

सून रिकामी गाडी घेऊन वळली, तेव्हा दारात गर्दी होती.

पोर वाचली. काही दिवस इस्पितळात राहिली, छातीत घरघर राहिली, मग तीही ओसरली. लोक म्हणाले, नशीब थोर. मुलाने फोनवर सगळं ऐकलं, आणि मग पलीकडून नुसता गाडीचा आवाज येत राहिला. सून रागावली असती, तर आजोबांना तेवढाच आधार झाला असता. ती रागावली नाही. तिने लेकीचे कपडे पिशवीत भरले आणि काही दिवस आईकडे राहते म्हणाली. ते काही दिवस लांबत गेले. लाल बूट तिने नेले नाहीत.

आजोबांनी अपघाताच्याच संध्याकाळी, इस्पितळातून परतल्यावर, हौदाचा बोळा काढला. पाणी मोरीत गेलं, बराच वेळ गेलं, आणि ते काठाशी उभे राहून बघत राहिले. दुसऱ्या सकाळी लाँड्रीवर बंदची पाटी लावून त्यांनी चौकट खोदली. बिजागऱ्या बसवल्या, कडी वर लावली, लहान हात पोचणार नाही अशी. एवढंच काम होतं. दुपार व्हायच्या आत झालंसुद्धा. हे कळल्यावर ते फरशीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. टेलर चहा घेऊन आला, दार उघडझाप करून बघितलं, छान बसलंय म्हणाला. नेहमीसारखी थट्टा त्याला जमली नाही.

आता हौद रोज रिकामा व्हायचा. ओली चादर खांद्यावर टाकून कडी एका हाताने काढता येते, हेही त्यांना समजलं. ओवी मात्र तोंडात यायची नाही. यंत्र बंद झालं की त्यांचे कान आपोआप टवकारायचे, आणि घर काही बोलायचं नाही. एक गोष्ट त्यांना मनातल्या मनात सारखी टोचायची. दारात उभं राहून सून पुन्हा कधी तेवढं म्हणेल का, ती तुमच्याकडे आहे. बाकी तिने काही नाही म्हटलं तरी चालेल.

एका रविवारी ती आली. काखेत भिंगरी, पायांत मऊ कापडी बूट, बिनआवाजाचे. पोर आजोबांकडे झेपावली, त्यांच्या मिशा ओढल्या, कुठे काही घडलंच नाही अशी. सुनेने अर्धं दार बघितलं, कडी हलवून बघितली. हौदात वाकून बघितलं, तळ कोरडा होता. चहा झाला. मग ती कपाकडे बघत म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी तुमच्या पाठीला सांगून गेले. तुम्ही वळेपर्यंत थांबायला हवं होतं मी."

आजोबा म्हणाले, "तू सांगितलंस गं. पाठीनेच हो म्हटलं मी."

तिने दोन्ही कप एकात एक ठेवले. काही वेळाने ती उठली. टेलरचे आभार मानायचे राहिले होते, तेवढं करून येते म्हणाली, आणि चपला घालताना थांबली. पोरीला बरोबर घ्यायला तिचा हात पुढे झाला होता. तो तिने मागे घेतला. मग आजोबांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, ती तुमच्याकडे आहे."

आजोबांनी यंत्र बंद केलं. इस्त्रीची वायर उपटली. गठ्ठा पायाने बाजूला सारला आणि जमिनीवर बसले, नातीकडे तोंड करून. "आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "बघतोय मी. जा तू."

सून गेली. आजोबांनी पापणीसुद्धा जपून लववली. भिंगरी गठ्ठ्यांभोवती फिरली, काउंटरखालून निघाली, त्यांच्या गुडघ्याला हात लावून गेली. कापडी पावलांचा काही आवाज नव्हता. आता त्यांना तिचं चालणं दिसत होतं, आणि ते किती डुलतं, एका पायावर किती जोर देतं, हे त्यांनी आजवर कधी बघितलंच नव्हतं.

चालत चालत ती अर्ध्या दारापाशी गेली. फळीवर हात ठेवला. फटीतून आत बघितलं. मग खाली बसली, धापा टाकत पट्टे ओढले, दोन्ही बूट काढले, दारासमोर शेजारी शेजारी मांडले, आणि मान वळवून आजोबांकडे बघितलं.

ती वाट बघत होती.

ते वाक्य आजोबांच्या जिभेवर आलं, सवयीने, आणि तिथेच राहिलं. ते गुडघ्यांवर रांगत तिच्याकडे गेले. एक एक पाय हातात घेऊन त्यांनी बूट परत घातले, पट्टे लावले. तिला गंमत वाटली. तिने ते पुन्हा काढले, पुन्हा मांडले, पुन्हा बघितलं, या खेपेला जरा हिरमुसून. त्यांनी पुन्हा घातले. तिने पुन्हा काढले. जे इतक्या प्रेमाने शिकवलं, ते परत कसं घ्यावं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सून परतली, तेव्हा दोघं तसेच बसलेले होते. तिच्या खांद्याला एकच पिशवी होती, एका दिवसाची. संध्याकाळच्या बसने निघायला हवं, ती म्हणाली, पुढच्या रविवारी येऊ. आजोबांनी मान हलवली. पण नजर काढली नाही. सुनेने लेकीला उचलून कडेवर घेतलं, आणि म्हणाली, "बाबा, घेतली मी," तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.