खुडलेला बहार

"ते विहीरपाशीनं झाड तरी ऱ्हाऊ दे," बेबाबाई बांधावरून सुनेला म्हणाली.

भागाबाईच्या ओच्यात मोसंबीची पांढरी फुलं होती. माघातली सकाळ, सगळा मळा घमघमत होता, आणि ही बाई तो वास खुडत चालली होती.

"आत्याबाई, कवळं झाड शे. आते फळ धरं, ते मोडी जाई."

"फळ धरानं तुले काय समजस?"

भागाबाईचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. हे पांझरेकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण घरात आजवर कुणी तोंडावर बोललं नव्हतं. भागाबाईच्या काळजात सुरी फिरली. तिने ओचा बांधावर झटकला आणि विहिरीजवळचं झाड सोडून ती पुढच्या ओळीला लागली.

फैजपूरला काँग्रेस भरली त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिचे सासरे पितांबर आबांनी ही कलमं लावली. झाड वाढवणं म्हणजे निम्मं कापणं, हे आबांचं म्हणणं. गुडघ्याच्या वरपर्यंत एकच खोड ठेवायचं, तिथून चार दिशांना चार फांद्या. मधूनच सरळ वर धावणारा पानसोट कितीही हिरवागार दिसो, तो काढायचा, कारण तो नुसता खाणारा. आणि पहिली वर्षं फुलं येतील ती खुडायची. पुढे आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. मुलगा वना नांगराला वाघ होता, पण कात्री धरली की दिसेल ते भादरायचा. म्हणून आबांनी कात्री सुनेच्या हातात दिली.

गावाला तोंड फुटायला तेवढं पुरे झालं. रिकाम्या ओटीच्या बाईने बहार खुडला तर मळाही तसाच राहील, असं पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं. बेबाबाई वाईट नव्हती, भित्री होती. तिने देवीला नवस बोलून विहिरीजवळचं झाड राखलं, त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

त्या झाडाने फळ धरलं आणि कसं धरलं! पाहुणा आला की बेबाबाई त्याला आधी विहिरीवर न्यायची. बाकीची झाडं बिचारी नुसती पानं घेऊन उभी होती. भागाबाई खाली मान घालून पानसोट काढत राहायची. तिला रडू येई, पण कात्री चुकत नसे.

भाद्रपदात एका दुपारी वारा सुटला. वारा काही मोठा नव्हता, पण फळांनी लवलेली मुख्य फांदी खोडापासून फाटत खाली आली. हिरव्या मोसंब्या विहिरीत पडल्या. बेबाबाई धावत येऊन फाटलेली फांदी हातांनी सावरू लागली.

भागाबाईला बोलायला जागा होती. तिने फाटकी फांदी करवतीने साफ कापली, जखमेवर शेणमाती लिंपली, उरलेली फळं उतरवली आणि आपल्या लुगड्याचा काठ फाडून चिरलेलं खोड आवळून बांधलं. आबा काठी टेकत आले, बांधलेल्या खोडावरून हात फिरवून बायकोला म्हणाले, "हात कठोर नही तिना. नजर लांबनी शे."

पुढच्या माघात बांधावर बेबाबाईच्याही ओच्यात खुडलेली फुलं होती.

त्यानंतरच्या वर्षी भागाबाईने बहार राखला. दिवाळीच्या तोंडावर सगळा मळा फळांनी पिवळा झाला, आणि एकही फांदी कुठे टेकू मागत नव्हती. मळ्याची पहिली फळं लेकुरवाळीच्या ओटीत घालायची, ही गावची रीत. तानुबाई पाच पोरांची आई. शेजारच्या मळ्यातून ती नवं लुगडं नेसून, पदर सावरून आधीच येऊन उभी होती.

बेबाबाईने फळांची पाटी उचलली आणि तानुबाईला ओलांडून ती सुनेपुढे आली.

"अक्का, रीत शे ना," तानुबाई हळूच म्हणाली.

"जिनी फूल खुडं, तिनीच ओटी," बेबाबाई म्हणाली. तिचा आवाज साऱ्या मळ्याला ऐकू गेला.

भागाबाईने पदर पसरला. मोसंब्यांचं ओझं पोटाशी आलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, पण मान ताठ होती. इतकी ताठ मान गावाने तिची कधी पाहिली नव्हती.

ओटी सांभाळत ती विहिरीजवळच्या झाडापाशी गेली. लुगड्याच्या काठाखालची जखम भरून आली होती आणि तिथूनच एक पानसोट सरळ वर निघाला होता. भागाबाई थांबली. दोन्ही हात पदरात अडकलेले, कात्री कमरेला.

बेबाबाई पुढे झाली. तिने सुनेचा भरला पदर आपल्या हातांत धरला आणि सून कात्री काढेपर्यंत तशीच उभी राहिली.