भोंगाताईची हुर्यो

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात यंत्रांची घरघर अशी, की शेजारणीला नुसतं 'साबण दे' म्हणायचं तरी घसा ताणावा लागे. त्या घरघरीत उभी हयात गेल्यामुळे तिथे कपडे धुणाऱ्या भोंगाताईचा आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा झाला होता. भोंगाताई हे नाव धुलाईखान्यातल्या बायकांनी ठेवलं, पण त्याचं चीज झालं फुटबॉलच्या मैदानावर, लाल संघाच्या पूर्वेकडच्या कट्ट्यावर. या कट्ट्याची एक रीत होती. समोरच्या संघातला जो कोणी कधीकाळी नदीपलीकडच्या निळ्या संघाकडून खेळला असेल, त्याच्या पायाला चेंडू लागला की हुर्यो उडवायची. मग आज तो कुठल्याही रंगाचा शर्ट घालून येवो. आणि सुरुवात करायची ती भोंगाताईने. तिच्याआधी कुणी तोंड उघडलं तर ढोल घेऊन शेजारी बसणारा रंगारी त्याच्याकडे असा बघे, की बिचारा उरलेली मॅच शेंगा सोलण्यात घालवी.

लाल आणि निळ्यांचं वाकडं कशावरून आलं, ते कुणालाच धड सांगता येत नसे. त्यामुळे ते मिटायचाही प्रश्न नव्हता.

तिचा लेक याच कट्ट्यावर, तिच्या मांडीवर बसून ओरडायला शिकला. पुढे लाल संघाच्या पोरांमध्ये खेळू लागला. मग लाल्यांनी त्याला 'अंगाने किरकोळ' म्हणून घरी पाठवलं आणि तो सरळ पूल ओलांडून निळ्यांकडे गेला. दोन हंगाम ती त्याचा निळा शर्ट बाकीच्या कपड्यांपासून वेगळा धूत होती आणि घराच्या मागच्या बाजूला वाळत घालत होती. तोंडाने मात्र अवाक्षर काढलं नाही. पोटच्या पोराला काय बोलणार? आता तो दूरच्या शहरातल्या पिवळ्या संघात होता, तोही चाचणीवर. या हंगामात पाय रोवले नाहीत तर तिथूनही नारळ मिळणार, हे तिला ठाऊक होतं. आणि आज पिवळे इथे खेळायला आले होते.

ती जागेवर येऊन बसली आणि पिवळ्या शर्टांत लेक कुठे दिसतो ते शोधू लागली. रंगारी जवळ सरकला.

"ताई, काळजी सोडा. सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुमच्या पोराला आज माफी. कुणी ब्रसुद्धा काढणार नाही."

"खरंच?"

"म्हणजे काय! आपलाच पोरगा तो."

तिच्या जिवात जीव आला. रंगाऱ्याच्या ढोलावर डोकं टेकून रडावं असं तिला वाटलं, पण शिट्टी झाली आणि राहून गेलं.

पिवळ्यांत निळ्यांकडचे आणखी दोघे होते. त्यांची भोंगाताईने यथासांग पूजा बांधली आणि कट्ट्याने तिला जोरदार साथ दिली. मग चेंडू तिच्या लेकाकडे आला. तो कट्ट्याच्या बाजूलाच, कडेला खेळत होता. कट्टा चिडीचूप. त्याने चमकून वर पाहिलं. पुन्हा चेंडू आला, पुन्हा तीच शांतता. शिव्या खायची तयारी करून आलेला पोरगा त्या शांततेने गोंधळला आणि त्याने आपल्या गोलकीपरकडे दिलेला चेंडू निम्म्या वाटेतच रेंगाळला. लाल्यांच्या पोराने तो पटकावला आणि गोल केला.

कट्टा नाचायला लागला. "शाब्बास रे! आपलाच पोरगा!" रंगाऱ्याने ढोल बडवत आरोळी ठोकली आणि सगळा कट्टा टाळ्या पिटत हसला.

भोंगाताईला वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली. पहिल्या रांगेत बसत असल्यामुळे पुढचं तिला स्वच्छ ऐकू आलं. पिवळ्यांचा कप्तान तिच्या लेकाजवळ आला होता.

"तुला एकट्यालाच का सोडतात रे हे? कुणाकडून खेळतोयस तू?"

लेकाने मान खाली घातली. तिकडे पिवळ्यांच्या प्रशिक्षकाने एका राखीव खेळाडूला अंग मोकळं करायला उठवलं. तो कुणाच्या जागी येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"माफी बंद करा," भोंगाताई म्हणाली.

"अहो ताई, आई आहात तुम्ही त्याची," रंगारी म्हणाला.

चेंडू लेकाच्या पायाशी आला तशी ती उठली, कठडा धरला आणि छाती भरून घेतली. आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आवाज ओढूनताणून काढावा लागेल, नाटक करावं लागेल, अशी तिची समजूत होती. पण पोटातून जे वर आलं, ते तिचं तिलाच ओळखू येईना. दोन हंगाम गिळलेलं सगळं त्यात होतं. तो पूल, तो शर्ट, मागच्या दारची ती दोरी. रंगाऱ्याचा हात ढोलावर तसाच राहिला. आपण काय करतोय हे कळूनही तिला थांबता येत नव्हतं आणि त्यानेच तिला धडकी भरली. मग कट्टा भानावर आला आणि सगळाच्या सगळा तिच्यामागे उठला.

लेक जागीच थिजला, एकदाच वर पाहून चेंडू घेऊन पळाला. कप्तानाने जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. राखीव खेळाडू पुन्हा बाकावर जाऊन बसला. त्यानंतर तिचा लेक असा खेळला की लाल्यांना दुसरा गोल काही जमला नाही.

मॅच संपल्यावर पिवळ्यांच्या बसपाशी तो तिला भेटायला आला. केस अजून ओले होते.

"आई, सुरुवात तू केलीस ना?"

"तुझ्यासाठीच केली रे, सोन्या. ते तुझ्यावर संशय घेत होते, मी ऐकलं."

"कळलं मला ते. वाचवलंस तू. कप्तान आता नीट बोलतोय." त्याने खांद्यावरची पिशवी सावरली. "पण तुझा आवाज मी जन्मापासून ऐकतोय, आई. उगाच काढलेला मला लगेच कळतो. आजचा तसा नव्हता."

बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. 'नाही रे, नाटकच होतं ते,' असं सांगायला भोंगाताईने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आवाज फुटेना. लेक बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उत्तराची वाट बघत उभा होता.