टीव्हीखालची पट्टी

पट्टी बंद करायची अक्कल माझी. ती मी नवऱ्याच्या गळ्यात मारणार नाही. अजीम तर म्हणत होता, "राहू दे गं, म्हातारी माणसं बघत्यात." मीच वैतागले होते. आमचं केबलचं लोकल चॅनल मिरजेच्या आसपासच्या गावांत दिसायचं. त्याच्या तळाला सरकणारी पट्टी रोज मी टाईप करायची. कोण वारलं, माती कधी, रक्षाविसर्जन कधी. जेवायला बसलं की फोन. घास गिळायची सोय नव्हती.

मग लोकांनी वायफाय घेतलं. मालिका, सिनेमे, क्रिकेट, सगळं मोबाईलवर नाहीतर इंटरनेटच्या टीव्हीवर. अजीमनंच खांबावरच्या जुन्या तारा उतरवल्या आणि फायबर ओढली. केबल उरली म्हाताऱ्यांपुरती. मी म्हटलं, चॅनल गुंडाळा, निधनाचं मी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकते. एकदा टाकलं की सुटले.

दारोदार माणूस धाडून सांगायची रीत आमच्याकडं त्या पट्टीनंच मोडली होती. पट्टीवर आलं म्हणजे सांगितलं, असंच सगळे धरून चालायचे. ग्रुपचंही तसंच झालं.

राहिली फक्त बनूमावशी, आमची शेजारीण. तिचा मुलगा नाथाजी मिलिटरीत, बायकापोरांसकट जम्मूला. त्यानं ऑनलाईन मोठा टीव्ही पाठवला, अजीमनं जोडून दिला, पण मावशीला त्यात काही सापडेना.

"अफसाना, आमची पट्टी कुठं गेली गं?"

"आवं मावशी, ती मोबाईलात गेली. नाथाजीला म्हणा, आईला मोबाईल घेऊन दे, नि संगट लिपस्टिक बी."

"गप गं भवाने," म्हणून ती खुदुखुदु हसली. मग रोज दुपारी आमच्या कट्ट्यावर येऊन बसायला लागली. टेकायच्या आधी सवाल, "आज कुणाचं काय?" मी मोबाईल बघून सांगायची. तेवढं तरी करत होते.

परवा सकाळी म्हैसाळहून लीलाबाईचा फोन आला. तिची आई सुलाबाई गेली, माती दुपारी. मी लगेच ग्रुपवर टाकलं, खाली दोन हात जोडले आणि भांड्यांना लागले. सुलाबाई म्हणजे बनूमावशीची जिवाभावाची. दोघी एका माहेरच्या, एकाच मांडवात लग्नं झालेल्या. हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पण टाकलं की डोक्यातून जातं, ही सवयच लागलेली.

दुपारी मावशी आली. माझी मेथीची जुडी ओढून घेऊन निवडायला बसली. माझ्या कानात हेडफोन, हातात मोबाईल, मालिका चाललेली. पोलीस दारात आलेले, आता ती बाई सापडते की काय म्हणून जीव टांगणीला.

"आज कुणाचं काय?" मावशीनं विचारलं.

मी मानसुद्धा वर केली नाही. "काय न्हाई वं."

तिकडं त्याच वेळी सुलाबाईला उचलत होते. आणि मला बघा, त्या मोबाईलमधल्या बाईची काळजी!

काल मावशी डबा घेऊन आली. नवं लुगडं नेसलेली. "सुलाला दवाखान्यातनं घरी आणलंय म्हणं. शेंगदाण्याचं लाडू केल्यात, तिला लय आवडत्यात. मला गाडीवर सोडतीस का?"

उगाच आत जाऊन पाणी पिऊन आले. मग सांगितलं, "मावशी, सुलाबाई गेल्या. काल माती झाली."

"काल?" ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "काल तर मी हितंच हुते की गं. तुझ्यापशी." मग म्हणाली, "तुला कवा कळलं?"

"आत्ताच. मोबाईलवर."

या अल्ला, जीभ कशी रेटली माझी! मावशीनं डबा कट्ट्यावर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. "तोंड बी बघाया मिळालं न्हाई गं," एवढंच म्हणत राहिली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवत होते. खोटं बोललेल्या तोंडानं वर समजूतही काढत होते.

आज रक्षाविसर्जन. मी तिला म्हैसाळला घेऊन गेले. अंगणात बायका बसलेल्या. मावशीला बघून लीलाबाईनं हंबरडा फोडला आणि रडता रडता तिचा आवाज चढला.

"आता आलीस व्हय मावशी? आई शेवटपतोर दाराकडं बघत हुती, बनू आली का म्हणत. आन् तुला कळलं न्हाई म्हणू नगंस. अफसानाताईला मी सकाळीच फोन केला हुता. शेजारीच ऱ्हात्यात की तुझ्या."

मावशीनं हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं, हे मला कळलं.

"सांगितलं हुतं हिनं," मावशी लीलाबाईला म्हणाली. "माझंच गुडघं धरलं हुतं."

मावशी जरा थांबली.

"गुडघं?" लीलाबाई म्हणाली. "जल्माची मैतरीण गेली, आन् तू गुडघं सांगतीस?" ती उठून घरात गेली. बाकीच्या बायकांनी मावशीकडं पाठ केली. कुणी तिला बस म्हटलं नाही.

आणि मी? मी फरशीकडं बघत बसले. खरं सांगते, आधी मला सुटल्यासारखंच वाटलं. थू माझ्या जिनगानीवर.

परत येताना मावशी मागं बसली, ती गाडीचा दांडा धरून. माझ्या खांद्याला तिनं हात लावला नाही. दारात उतरली तेव्हा मला राहवेना.

"मावशी, का घेतलंत अंगावर?"

"चार बायकांत तुला खाली मान घालाया लागू ने म्हून." ती कमरेची किल्ली काढत होती. "पर बोलून झाल्यावर मी जरा थांबले हुते गं. मला वाटलं, आता तू म्हणशील, न्हाई लीला, चूक माजी हाय."