दोनदा इटलीला गेलेला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. पोटाला एक पोचा आणि बुडाला खिळ्याने कोरलेले पाच आकडे, एवढीच माझी ओळख. पण मी दोनदा इटलीला जाऊन आलो आहे.

सावंतवाडीच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवले. मसुऱ्याचा लवू फौजेत शिपाई होता. रजेवर आलेला असताना त्याने मला विकत घेतले. पलटणीत सगळ्यांचे तांबे सारखेच, म्हणून त्याने माझ्या बुडावर आपला शिपाई क्रमांक कोरला. बोटीने आम्ही इटलीच्या लढाईवर गेलो. तो मला चहाला वापरी, दाढीला वापरी. १९४४ सालच्या सप्टेंबरात एका सकाळी मला भरून घ्यायला तो आला नाही. दुसऱ्याच एका शिपायाने मला पुसले आणि लवूच्या सामानात बांधून ठेवले.

मी मसुऱ्याला परत पोहोचलो तेव्हा लवूची मुलगी जानकी नुकती चालायला लागली होती. त्याने तिला कधी पाहिलेच नव्हते. त्याची बायको यशोदा मला रोज राखेने घाशी. विहिरीवर बायका म्हणत, "यशोदे, तुझो तांब्यो आरशासारखो झळाकता गो!" पुढे यशोदा गेली, घरात स्टीलची भांडी आली आणि मी परसात गेलो, कोंबड्यांना पाणी ठेवायला. एकदा माडावरून नारळ पडला आणि मला पोचा आला. तीसेक वर्षे मला कोणी घासले नाही. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. तहान कोंबड्यांनाही लागते.

मग एक दिवस कुडाळहून जितेंद्र आले. ते फौजेतले निवृत्त कारकून. परदेशात पडलेल्या इथल्या शिपायांची थडगी शोधायची आणि घरच्यांना तिथवर नेऊन आणायचे, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे. तोवर जानकी एक्याऐंशी वर्षांची झाली होती.

"काकी, यादीत ह्या नावाचे दोन लवू आसत," जितेंद्र म्हणाले. "दोगव ह्याच भागातले. तुमचो खंयचो, ता नंबराशिवाय कळाचा नाय. कागद आसत काय?"

"कागद सगळे वाळयेन खाल्ल्यान," जानकी म्हणाली. मग काठी टेकत परसात आली आणि पाणी ओतून तिने मला उचलले. "ह्येच्या बुडाक कायतरी खरडलेला होता. आय घासताना रोज बोट फिरवी."

आमसुलाने तिने मला तासभर चोळले. पाच आकडे वर आले. यादीतल्या एका लवूशी ते जुळले.

पण जितेंद्रांना आणखी एक गोष्ट सांगायची होती. "काकी, थडगा नाय. आपल्या लोकांका थंयच अग्नी दिलो. भिंतीर फक्त नाव कोरलेला आसा."

मुंबईहून जानकीच्या मुलाने, मंगेशने, फोनवर समजावले, "आये, चार अक्षरांसाठी इतक्या लांब? तुझे गुडघे बघ."

"माझे आयशीन मरेपर्यंत तेची वाट बघल्यान," जानकी म्हणाली. "कोणीतरी जावक व्हया."

तिच्या जन्माचा दाखला नव्हता, त्यामुळे पासपोर्टला पाच महिने लागले. जितेंद्रांनी सगळ्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. नोव्हेंबरात ते दोघे निघाले आणि जानकीच्या पिशवीत, लुगड्यात गुंडाळलेला, मीही.

इटलीतल्या त्या लष्करी स्मशानभूमीत हिरवळ होती, थडग्यांचे पांढरे दगड होते आणि बोचरा वारा. जानकीला इंग्रजी वाचता येत नाही. जितेंद्रांनी तिचे बोट धरून भिंतीवरच्या एकेका अक्षरावरून फिरवले. माझ्यात नळाचे पाणी भरून तिने ते नावावर ओतले.

"बाबानू, मिया जानकी," ती म्हणाली. "तुमचा चेडू. तुमी माका बघूक नाय."

फाटकाजवळच्या पेटीत नोंदवही होती. जितेंद्रांनी ती आणून वाचून दाखवली, "लवू. यशोदेचा नवरा, मुक्काम मसुरे. वय बावीस."

"बावीस?" जानकीने विचारले. "माझो नातू सत्तावीसचो आसा."

ती पुन्हा भिंतीकडे वळली. या वेळी तिने नावावर अख्खा तळहात ठेवला, लहान मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"कित्याक इलस रे इतक्या लांब?" ती म्हणाली. "हंय थंडी लागता काय रे तुका?"

मग तिने पदराने ती अक्षरे कोरडी केली.

मित्रांनो, त्या भिंतीवर आणखी शेकडो नावे आहेत. त्यांतल्या बऱ्याच नावांपर्यंत घरचे कोणी अजून पोहोचलेले नाही. आपल्या घरातून कोण गेला होता आणि परत आला नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पण आजच विचारा. नावे दगडात आहेत, ती थांबतील. सांगणारी माणसे थांबणार नाहीत.