ते जेवल्याशिवाय

अपील फेटाळलं, हे तुरुंगात जाऊन सांगायचं कोणी? सासूबाई म्हणाल्या, "तूच सांग बाई. माझा वृषभ माझं ऐकत न्हाय."

बांधावरच्या मारामारीत माझ्या नवऱ्याला शिक्षा झाली. शिक्षेबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. कोर्टात गेले ते जेवणासाठी. दिवस मावळायच्या आत, कांदा-बटाटा नसलेलं जेवण मिळावं, जैनाचा एवढा हक्क तुरुंगातही राहतो, असं त्यांचं म्हणणं. खालच्या कोर्टात समोरच्या वकिलानं विचारलं, "उपाशी ठेवलं होतं का?" हे मिनिटभर विचार करून म्हणाले, "नाही. ताट येत होतं. मीच खात नव्हतो."

आमच्या धैर्यशील वकिलांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, ह्या माणसाला अर्धं खोटंसुद्धा जमत न्हाय की!"

खाली हरलो. अपिलातही तेच वाक्य आडवं आलं. आणि ह्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, अपील गेलं तर अन्न सोडणार. खोटं न बोलणारा माणूस; बोलला म्हणजे करणारच.

मुलाखतीला आमच्या तान्ह्या चिमीला कडेवर घेऊन गेले. ती काचेवर हात आपटत होती. पलीकडे ह्यांची गळ्याखालची हाडं वर आलेली. फोन कानाला लावून मी एका दमात सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "मग जे थोडं खातो, तेबी आजपास्नं बंद."

मी चिमीला मांडीवर ठेवलं, फोन खांद्यात दाबला, हात जोडले. "मग माझाबी नियम. ताटातलं खाल्लं, असं तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी अन्नपाणी घेणार नाही."

"आदिती, येडी का काय! पाजतीस तू!"

"व्हय. पाजते."

"चला पावणं, वेळ संपली," मागून शिपाई ओरडला.

घरी सासूबाई संतापल्या. "भीती घालायची तर नुसतं बोलायचं! हात जोडून देवाचा नियम कशाला घेतलास? आता मोडता येतंय व्हय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवस मावळला, ताट तसंच झाकून राहिलं. चिमी ओढायची, सोडायची, पुन्हा ओढून रडायची. तिकडं ते उपाशी, इकडं ही. मीच दोघांना एका गाठीत बांधलं होतं.

सकाळी त्यांचा आठवड्याचा फोन आला. माझी जीभ टाळूला चिकटलेली.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"बटाटा पण?"

"बटाटा पण. तू आधी पाणी पी."

सासूबाई तांब्या घेऊन उभ्याच होत्या. मी घटाघटा प्याले, दोन घास खाल्ले. जरा वेळानं चिमी पदराखाली शांत झाली. सासूबाई डोळे पुसून म्हणाल्या, "सुटलो बाई."

मी मान हलवली. पण कोर्टात एका 'नाही'ला मिनिट घेणारा माणूस आज प्रश्न संपायच्या आत बोलला होता.

सासूबाईंना काही सांगितलं नाही. पुढच्या मुलाखतीला फोन उचलायच्या आधी काचेतून त्यांची हाडं बघणार आहे.