मावशीच्या विहिरीचं पाणी न आणल्याबद्दल

मावशीच्या विहिरीला पुन्हा कुलूप लागलं, माझ्यामुळे. पण तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू. धरून चालणं मला जमतं.

विहिरीच्या वरच्या अंगाला किरणोत्सारी कचऱ्याचं जुनं गोदाम आहे. तिथून झिरपलेलं सीझियम मधल्या चिकणमातीनं अडवून धरलं होतं. विहिरीत काहीच उतरलं नव्हतं. कुलूप फक्त खबरदारीचं. प्रश्न एवढाच होता, की माती ते पुढे सोडेल का? ती माती विहिरीच्याच पाण्यात घोळवायची आणि किती सुटतं ते मोजायचं, हे माझं काम.

विहीर मावशीच्या गोठ्यामागे. कॅन भरायला गेलो की मावशी विचारणार, "लग्नाचं काय केलंस?" म्हणून मी प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड वॉटर घेतलं. पाणी ते पाणी.

मातीनं काहीच सोडलं नाही. मी सही ठोकली. कुलूप निघालं.

एक्केचाळिसाव्या दिवशी साहेब म्हणाले, "त्या विहिरीच्या पाण्याची बाटली जपून ठेवलीयस ना? तपासणीला दाखवावी लागेल."

मावशी बाजारात गेल्याची खात्री करून मी बाटली भरून आणली. निम्मं पाणी, उगाच, त्याच मातीवर ओतलं.

यंत्रावरचा आकडा चढतच गेला.

मातीचे पापुद्रे कडेला उसवलेले असतात, तिथे सीझियम ठाण मांडतं. शुद्ध पाण्यात त्याला उठवणारं कुणी नसतं. गोठ्याजवळच्या पाण्यात मात्र शेणामुतातून आलेलं अमोनियम असतं, साधारण त्याच अंगलटीचं. ते येतं आणि म्हणतं, सरका.

मी मावशीला फोन केला.

"अरे, पाणी काय गोड आहे! सगळ्यांना सांगते, माझ्या भाच्यानं तपासलंय."

"मावशी, पिऊ नकोस. मी तुझं पाणी आणलंच नव्हतं."

तिकडे तिनं कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"लग्नाचं विचारते म्हणून?"

"हो."

"मेल्या," ती हळूच म्हणाली, "नसतं विचारलं रे."

त्याच दुपारी अर्ज दिला:

प्रति, प्रयोगशाळा प्रमुख.
महोदय, चुकीच्या पाण्याने केलेल्या चाचणीचा अहवाल मी मागे घेत आहे. विहिरीस तातडीने कुलूप लावावे. तसेच गेल्या एक्केचाळीस दिवसांत माझ्या मावशीने प्यायलेले पाणी तिने प्यायलेच नाही, असे पूर्वलक्षी प्रभावाने समजण्यात यावे, ही नम्र विनंती.